पती-पत्नीच्या नात्याचा अभ्यास अनेक महाविद्यालयांनी मिळून कसा करावा

वैवाहिक समाधान, सासू-सुनेचे संबंध, वृद्ध आई-वडिलांची काळजी अशा विषयांवर मानसशास्त्राचे, समाजकार्याचे आणि परिचर्येचे विद्यार्थी लघुप्रबंध लिहीत असतात. प्रत्येकाच्या हाती चाळीस-पन्नास जोडप्यांची माहिती येते, तेवढ्यावर निष्कर्ष काढले जातात, प्रबंध विभागाच्या कपाटात जातो आणि पुढच्या तुकडीतील विद्यार्थी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. नाशिकमधील तीन-चार महाविद्यालयांनी एकच प्रश्नावली घेऊन माहिती एकत्र केली, तर याच श्रमांतून कितीतरी भक्कम अभ्यास उभा राहील. तो कसा उभारावा, यासाठी हे मार्गदर्शन आहे.

एकत्र येण्याने काय साधते, याचे उत्तम उदाहरण 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. समांथा जोएल, पॉल ईस्टविक हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी 29 प्रयोगशाळांकडून 43 माहितीसंच मिळवले आणि 11,196 जोडप्यांच्या उत्तरांचे एकत्रित विश्लेषण केले. जोडीदार आपल्याशी किती बांधील आहे असे वाटते, त्याच्याविषयी किती कृतज्ञता वाटते, भांडणे किती होतात, यांवर माणूस स्वतः जे सांगतो त्यावरून त्याच्या समाधानाचा बऱ्यापैकी अंदाज बांधता आला. जोडीदाराच्या उत्तरांची भर घातल्यावर मात्र तो अंदाज फारसा सुधारला नाही, आणि समाधान पुढे वाढेल की घटेल हे तर जवळजवळ सांगताच आले नाही. ‘हे सांगता येत नाही’ असा निष्कर्ष पन्नास जोडप्यांवरून काढला असता, तर नमुना लहान होता म्हणून कोणीही तो बाजूला सारला असता.

नवी माहिती गोळा करण्यापूर्वी आधीच उपलब्ध असलेली माहिती पाहावी. भारतीय मानव विकास सर्वेक्षणाच्या 2004-05 आणि 2011-12 या दोन फेऱ्यांत बहुतांशी तीच कुटुंबे पुन्हा गाठली गेली आणि त्यांचा डेटा संशोधकांसाठी खुला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात एकाच घरातील पती आणि पत्नी या दोघांची उत्तरे जोडलेली स्वतंत्र फाइल असते. आपला प्रश्न एवढ्यावर सुटत असेल, तर कोणाच्या दारात जाण्याची गरजच नाही.

आधी लेखी करार, मग प्रश्नावली

सहकार्य बहुधा मोडते ते श्रेयावरून. म्हणून पहिल्याच बैठकीत कोणाचे नाव लेखक म्हणून येईल, एकत्रित फाइल कोण सांभाळील, एखाद्या विद्यार्थ्याचा प्रबंध सादर होईपर्यंत त्याचा भाग इतरांनी वापरायचा की नाही, आणि एखादे महाविद्यालय मध्येच बाहेर पडले तर त्याच्या माहितीचे काय करायचे, हे कागदावर आणावे. आपली गृहीतके आणि विश्लेषणाची पद्धत त्याच वेळी ठरवून ओपन सायन्स फ्रेमवर्कसारख्या, संशोधनाचे आराखडे नोंदवून ठेवणाऱ्या संकेतस्थळावर तारखेसह नोंदवावी, म्हणजे आकडे पाहून प्रश्न बदलण्याचा मोह होणार नाही.

प्रश्नावली सर्वत्र शब्दशः सारखी हवी. प्रश्नांचा क्रम आणि उत्तरांच्या श्रेणीही त्याच हव्यात. समाधानासाठी सुसान हेंड्रिक यांची 1988 ची सात प्रश्नांची, पाच श्रेणींची मापनी (रिलेशनशिप असेसमेंट स्केल) पुरेशी आहे. तिचे मराठी रूप दोघांनी स्वतंत्रपणे करावे, तिसऱ्याने ते मूळ न पाहता पुन्हा इंग्रजीत न्यावे, आणि अंतिम मसुदा शहरातील सिडकोत तसेच पेठ-सुरगाण्यात लोकांना वाचून दाखवून तपासावा.

माहिती घेताना

दोघांनी एकमेकांच्या कानाआड उत्तरे द्यावीत, ही अट सोडू नये. एका खोलीत पती बसला असताना पत्नीने दिलेले उत्तर हे तिचे उत्तर मानता येत नाही, आणि एकत्र कुटुंबात सासूबाई चहा घेऊन आत आल्या तरी परिणाम तोच होतो. शक्यतो दोन मुलाखतकार सोबत जावेत आणि दोघांशी एकाच वेळी, वेगवेगळ्या जागी बोलावे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळ्या असतात, त्यामुळे वेळ आधी विचारून घ्यावी. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात जानेवारी ते एप्रिलपर्यंत काढणीची आणि ऑक्टोबरच्या सुमारास छाटणीची घाई असते; त्या दिवसांतील थकवा आणि पैशांची चिंता नात्याविषयीच्या उत्तरांतही उतरते. म्हणून मुलाखतीचा महिना फाइलमध्ये असलाच पाहिजे.

माहिती भरताना प्रत्येक जोडप्याला एक क्रमांक आणि त्यातील दोघांना अ आणि ब अशी अक्षरे द्यावीत. उत्तर नाकारले, प्रश्न लागू नव्हता आणि प्रश्न विचारायचा राहिला, या तीन गोष्टींसाठी तीन वेगळे संकेत ठेवावेत आणि ते सर्व महाविद्यालयांत सारखे असावेत. एकाने नकारासाठी 9 आणि दुसऱ्याने 99 लिहिले, तर सरासरी बिघडते आणि दोष कुठे आहे हे शोधण्यात आठवडे जातात. प्रत्येक स्तंभाचा अर्थ सांगणारे कोडबुक मराठीतच लिहावे आणि फाइल यूटीएफ-8 (UTF-8) या अक्षर-संकेतनात जतन करावी, अन्यथा देवनागरी अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. विश्लेषणात 80 जोडपी म्हणजे 160 स्वतंत्र माणसे नव्हेत. दोघांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली असतात, त्यामुळे जोडपे हाच एकक धरणारी पद्धत वापरावी.

माहिती कोणापासून लपवायची

या विषयातील सर्वांत नाजूक भाग हा आहे आणि सर्वांत कमी विचार त्याचाच होतो. नाव, पत्ता आणि फोन काढून टाकला की अनोळखी माणसापासून संरक्षण मिळते, पण येथे खरा धोका अनोळखी माणसाचा नाही. आपले वय, आपला व्यवसाय आणि आपण दिलेली उत्तरे पतीला ठाऊक असतात. एकत्रित माहिती इतरांसाठी खुली केली आणि त्या फाइलमध्ये त्याला स्वतःची ओळ सापडली, की शेजारच्या ओळीत पत्नीने त्याच्याविषयी काय सांगितले ते तो वाचू शकतो. पत्नीच्या बाबतीतही हेच घडू शकते, परंतु परिणाम बहुधा तिलाच अधिक भोगावे लागतात.

उदाहरणार्थ, ‘निफाड तालुका, विवाह 2011, दोन मुली, पती द्राक्षबागायतदार, पत्नी अंगणवाडी सेविका’ अशी एक ओळ घ्या. नाव कुठेही नाही, तरीही गावातील कोणीही हे घर बोटाने दाखवील. हीच ओळ ‘ग्रामीण, विवाहाला 10 ते 15 वर्षे, अपत्ये 1 ते 2, पती शेती, पत्नी नोकरी’ अशी केली, तर अभ्यासाचे फारसे बिघडत नाही आणि घर गर्दीत मिसळते. असे गट केल्यावरही एखाद्या प्रकारची पाचपेक्षा कमी जोडपी उरत असतील, तर गट आणखी मोठे करावेत.

माझ्या मते दोघांच्या ओळी जोडलेली फाइल सर्वांसाठी खुली करूच नये. खुल्या फाइलमध्ये प्रत्येक जोडप्यातील एकाच व्यक्तीची उत्तरे ठेवावीत. केवळ जोडप्याचा क्रमांक काढणे पुरत नाही, कारण विवाहाची वर्षे आणि अपत्ये यांवरून जोड्या पुन्हा जुळवता येतात. जोडलेली फाइल लेखी हमी देणाऱ्या संशोधकालाच द्यावी. नावे आणि क्रमांक यांची यादी एकाच व्यक्तीकडे, वेगळ्या जागी आणि पासवर्डखाली असावी; 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाच्या दृष्टीनेही ही यादीच सर्वांत जोखमीची आहे. हे सारे आराखड्यात लिहून आपल्या संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मान्यता काम सुरू होण्यापूर्वीच घ्यावी.

मारहाणीचे प्रश्न दोघांनाही विचारल्या जाणाऱ्या प्रश्नावलीत घालू नयेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात असे प्रश्न घरातील एकाच स्त्रीला विचारले जातात आणि एकांत मिळाला नाही तर ते गाळले जातात. एवढी मोठी यंत्रणा जी काळजी घेते ती आपणही घ्यावी. कोणी न विचारता सांगितलेच, तर ते नीट ऐकून घ्यावे, उत्तरपत्रिकेवर लिहू नये आणि 181 हा महिला हेल्पलाइन क्रमांक तोंडी सांगावा. छापील कागद घरात सापडला तर तिलाच त्रास होतो.

संमतीपत्र दोघांचे वेगळे घ्यावे आणि माहिती इतर महाविद्यालयांना दिली जाईल हे त्यात साध्या शब्दांत लिहावे. माघार घेण्याची शेवटची तारीखही त्यात असावी, कारण फाइल वाटली गेल्यानंतर ती परत घेता येत नाही. त्या तारखेपूर्वी दोघांपैकी एकानेच माघार घेतली, तर त्याची ओळ पूर्ण काढावी आणि दुसऱ्याच्या ओळीतील जोडीदाराविषयीची उत्तरेही काढावीत. कोणी माघार घेतली हे दुसऱ्याला कळवू नये, त्याने स्वतः येऊन विचारले तरीही.