आई म्हणते चालतो. कागदावर किती लिहू?

सोलापुरात अशोक चौकाजवळच्या आमच्या थेरपीच्या खोलीत आम्ही मुलांच्या हालचालींची चाचणी घेऊन कागदावर गुण लिहितो. नवीन थेरपिस्ट मुलगी रुजू झाली की पहिल्या आठवड्यात हमखास विचारते, "मॅडम, आई सांगतीय घरी सगळं करतो. मग पूर्ण तीन गुण देऊ का?" आई खोटं बोलत नसते. घरी भिंत असते, आजीचा हात असतो, ओळखीचा उंबरा असतो. पण आपल्या कागदावर आज, या खोलीत, आपल्या डोळ्यांसमोर झालं तेवढंच चढतं.

आधी चाचणी कुठली ते ठरवा. मूल चालतं-पळतं, पण सारखं धडपडतं किंवा चेंडू झेलता येत नाही, अशी तक्रार असेल तर टीजीएमडी-३ किंवा मूव्हमेंट एबीसी-२ या हालचालींच्या कौशल्यांच्या चाचण्या बघा. टीजीएमडी-३ तीन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्यात पळणं, लंगडी, झेलणं, फेकणं अशी १३ कौशल्यं येतात. सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचाल अवघड झालेल्या मुलांसाठी मी जीएमएफएम-८८ घेते. बसणं, उभं राहणं, चालणं अशा मोठ्या हालचाली मोजणारी ही चाचणी. डायान रसेल आणि सहकाऱ्यांनी ती १९८९ मध्ये कॅनडात मांडली. डाऊन सिंड्रोमच्या मुलांनाही चालते. तिच्यातल्या ८८ही बाबी, म्हणजे करून बघायच्या कृती, हालचालींची अडचण नसलेलं पाच वर्षांचं मूल करू शकतं. इथे शेजारच्या पोराशी तुलना नाही. सहा महिन्यांपूर्वीचा हाच मुलगा आणि आजचा, एवढंच बघायचं.

जीएमएफएमला सामान साधंच लागतं. गादी, एक बुटका आणि एक उंच बाक, स्टॉपवॉच, चेंडू, काठी, कठडा असलेला जिना. आमच्या शहाबादी फरशीवर मी ऑइलपेंटने कायमच्या खुणा करून घेतल्यात: २० सेंटिमीटर अंतराच्या दोन समांतर रेघा, २ सेंटिमीटर रुंदीची एक सरळ पट्टी, लंगडीसाठी ६० सेंटिमीटरचं वर्तुळ. खडूने दरवेळी काढायला गेलं की दरवेळी वेगळंच माप निघतं. खेळण्यांत सगळ्यात उपयोगी पडते ती गड्ड्याच्या यात्रेतली चावीची गाडी. एवढ्या वर्षांत तिच्यामागे न रांगलेलं पोर मी पाहिलं नाही.

पूर्ण चाचणीला पाऊण ते एक तास जातो. एप्रिल-मेमध्ये मी सकाळी आठलाच बोलावते. अकरानंतर आमच्या पत्र्याखाली मोठी माणसं उभी राहत नाहीत, लेकरांचं काय घेऊन बसलात. शेजारी यंत्रमाग आहेत. ते चालू असले की थरथर फरशीतून तळपायापर्यंत येते, म्हणून एका पायावर उभं राहण्याच्या बाबी कामगारांच्या जेवणाच्या सुट्टीत. मूल थकलं तर थांबा. उरलेल्या बाबी आठवड्याच्या आत घ्या, झालेल्या पुन्हा घेऊ नका.

सूचना मुलाच्या भाषेत द्या. आमच्याकडे निम्मी घरं तेलुगू बोलतात, काही कन्नड. "उभा राहा" म्हटल्यावर नुसता बघत बसलेला पोरगा "निलबडू" ऐकून उठतो, आणि तुम्ही आधीच शून्य लिहून बसलेले असता. करून दाखवायला, हुरूप द्यायला हरकत नाही. सुरुवातीच्या स्थितीत बसवून देता येतं. त्यानंतर मात्र हात मागे. प्रत्येक बाबीला तीन संधी, त्यातली सगळ्यात चांगली धरायची. मूल आपण होऊन काही करून गेलं तरी ते धरायचं, म्हणून पेन्सिल हातात ठेवा. कागदावरच्या क्रमाने जायलाच हवं असं नाही.

आता गुण. सुरुवातच नाही तर ०, सुरुवात झाली तर १, अर्धवट झालं तर २, पूर्ण झालं तर ३. एक आणि दोनमधली सीमा साधारण दहा टक्के कृती झाली की नाही याची, पण अंदाजाने ठरवू नका. मॅन्युअलमध्ये बाबीगणिक वेगळं लिहिलेलं असतं. हात न धरता डावा पाय १० सेकंद उचलून उभं राहायचं असेल तर तीन सेकंदांच्या आत पाय टेकला की १, तीन ते नऊ सेकंद टिकला की २, पूर्ण दहा झाले की ३. साडेनऊ सेकंदाला मूल तुमच्याकडे बघून हसतं आणि पाय टेकतो. तेव्हा तीन लिहिण्याचा मोह मला अजून होतो. दोनच लिहायचे. शंका आली तरी खालचाच गुण. विड्या वळणाऱ्या एका आईला हे समजावत होते, तर तीच म्हणाली, "कारखान्यात वाईट विडी बाजूला काढतात, मजुरीच्या हजारात धरत नाहीत. तसंच की."

मुलाने नकार दिला तर 'घेतली नाही' अशी खूण करा. बेरजेत जीएमएफएम-८८ तिला शून्यच धरते, पण येत नाही आणि केलं नाही यांतला फरक सहा महिन्यांनी तुम्हालाच हवा असतो.

बुटांची चूक माझी. सहा वर्षांच्या एका मुलाची पहिली चाचणी मी पट्ट्याचे बूट घालून घेतली आणि तसं कुठे लिहिलं नाही. दुसऱ्या वेळी नियमाप्रमाणे अनवाणी घेतली. उभं राहण्याचे गुण घसरले. आई रडायला लागली, की रोज व्यायाम करून घेते तरी पोर मागं चाललंय. मला कारण सापडायला आठवडा लागला, तोवर त्या घरात काय झालं असेल देव जाणे. तेव्हापासून आधी अनवाणी, हाफ पँटवर, पूर्ण चाचणी. मग हवं तर बूट किंवा वॉकरसह वेगळी, वेगळ्या रकान्यात, साधनाचं नाव लिहून.

हिशेबात सगळेच चुकतात. पाच विभाग आहेत: झोपणं-लोळणं १७ बाबी, बसणं २०, रांगणं-गुडघ्यांवर उभं राहणं १४, उभं राहणं १३, चालणं-पळणं-उड्या २४. प्रत्येक विभागाची टक्केवारी आधी काढायची, मग पाचांची सरासरी. समजा, मुलाला ५१ पैकी ५१, ६० पैकी ५७, ४२ पैकी ३६, ३९ पैकी २१ आणि ७२ पैकी १८ मिळाले. टक्के झाले १००, ९५, ८६, ५४, २५. सरासरी ७२. सगळे गुण एकत्र करून २६४ ने भागलं तर ६९ येतात, आणि एका वेळी असं, दुसऱ्या वेळी तसं केलं की न झालेली प्रगती कागदावर दिसते. उपचार उभं राहण्या-चालण्यावरच चालू असतील तर त्या दोनच विभागांची सरासरी वेगळी लिहा. इथे ती साडेएकोणचाळीस. बदल झाला तर आधी तिथे दिसेल.

बहात्तर ऐकल्यावर वडील विचारतात, "म्हणजे फर्स्ट क्लास की ओ?" मी आकडा बाजूला ठेवते आणि आईला फरशीवरच्या रेघा दाखवते: मागच्या वेळी इथपर्यंत चार पावलं, आज सात. घरी स्वयंपाकघरापासून मोरीपर्यंत तेवढंच अंतर असतं, ते तिला लगेच उमगतं.

पुढची चाचणी साधारण सहा महिन्यांनी, त्याच खोलीत, त्याच वेळेला, जमलं तर त्याच माणसाने. जुना कागद मी कपाटात कुलपात ठेवते आणि नवा भरून होईपर्यंत काढत नाही.