पडण्याचा धोका कसा तपासावा

आधी विचारपूस. गेल्या वर्षभरात पडलात का? उठता-चालताना तोल जातो का? पडण्याची धास्ती वाटते का? एकाही प्रश्नाला ‘हो’ आलं, तर पुढची तपासणी करायचीच. नुसतं ‘पडलात का’ विचारलं की बरेच जण ‘छे’ म्हणून विषय संपवतात. म्हणून अडखळलात का, भिंत धरावी लागली का, हेही विचारा. पडले असतील तर कुठे, किती वाजता, काय करताना, आणि आपलं आपण उठता आलं का? शुद्ध हरपली असेल, तर चाचण्या राहू द्या, आधी डॉक्टर.

चालण्याच्या चाचणीला हात असलेली, साधारण ४६ सेंमी उंचीची खुर्ची घ्या आणि ३ मीटरवर चिकटपट्टी लावा. पायात नेहमीच्याच चपला, हातात नेहमीचीच काठी. उठायचं, नेहमीच्या चालीने पट्टीपर्यंत जायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर धोका आहे. परीक्षा समजून माणूस भरभर चालतो आणि आकडा फसवा येतो, म्हणून आधी एक फेरी सरावाची. आमच्या मते सेकंदांइतकंच वळण बोलकं असतं: तुटक पावलं पडतात का, काहीतरी धरायला हात जातो का? तुम्ही बाजूला, किंचित मागे राहा. तोल गेला तर कमरेशी आधार द्या; दंड ओढलात तर खांद्याला इजा होते.

मग एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवून आधाराशिवाय उभं करा. १० सेकंद जमत नसेल, तर तोल कच्चा आहे.

रक्तदाब ५ मिनिटं आडवं झोपवून मोजा, नंतर उभं करून १ आणि ३ मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा. झोपेच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या खास नजरेखालून घालायला सांगा. परस्पर काही बंद करू नका.

व्हीलचेअर वापरणाऱ्यांची खुर्चीतून पलंगावर सरकण्याची रीत बघा. पायपट्ट्या बाजूला केल्या का? दोन्ही ब्रेक लावले का? बऱ्याच खुर्च्यांचा ब्रेक टायरवर दाबून बसतो. हवा कमी असेल तर तो लावूनही खुर्ची सरकते, म्हणून ब्रेक लावून एकदा ढकलून पाहा.