थंडीचा आठवडा: अंदाजातला आकडा आणि शिवारातला गारठा

जिल्ह्याच्या अंदाजात किमान तापमान ९ अंश असते आणि पहाटे बागेत गेले तर ठिबकच्या नळीवरचे दव बर्फासारखे हाताला लागते. अंदाज चुकलेला नसतो. तो आकडा जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर, झडपांच्या पेटीत ठेवलेल्या तापमापकाचा असतो. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर जमिनीलगतची हवा त्याहून २ ते ४ अंशांनी गार होते. गार हवा जड असल्याने ती पाण्यासारखी उताराने वाहत सखल भागात साचते. कादवा-गोदावरीच्या खोऱ्यात, निफाडच्या पट्ट्यात पारा अनेकदा राज्यातला नीचांक गाठतो, त्यात या सखलपणाचाही वाटा आहे. म्हणून खोलगट रानासाठी अंदाजातून २-३ अंश वजा करूनच नियोजन करा. कमाल-किमान तापमापक पिकाच्या उंचीवर टांगून आठवडाभर नोंद ठेवली, तर आपल्या रानाचा फरक नेमका कळतो.

हवामान विभागाचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, त्यात पुढच्या ५ दिवसांचे आकडे असतात. बहुतेक जण फक्त किमान तापमान पाहतात. त्यासोबत ढगांचे प्रमाण, वाऱ्याचा वेग-दिशा आणि दुपारची आर्द्रता वाचा. पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारी, उत्तर भारतात पाऊस-बर्फ देणारी हवेची प्रणाली) उत्तरेतून पुढे सरकला की दोन-तीन दिवसांत उत्तरेचे कोरडे वारे खानदेश, नाशिक, मराठवाड्यात उतरतात. ढग शून्याजवळ, वारा मंद आणि दुपारची हवा कोरडी असा मेळ बसला, की ती रात्र धोक्याची. वारा पूर्वेकडून फिरून ढग आले तर किमान तापमान चढते, पण मग रोगांची पाळी येते.

मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश वा अधिक कमी असेल, तर थंडीची लाट मानतात. पिके मात्र ही व्याख्या पाळत नाहीत. केळीची वाढ १२ अंशांखालीच मंदावते.

बचावाचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे ओल. ओली जमीन दिवसा ऊब साठवते आणि रात्रभर सोडते. म्हणून कडाक्याच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत हलके पाणी द्या. कोळपणी मात्र पुढे ढकला, कारण भुसभुशीत मातीत हवा अडकते आणि खालची ऊब वर येत नाही. पाचटाच्या आच्छादनाचेही तसेच आहे: मुळे उबदार राहतात, पण वरच्या कोवळ्या पानांना जमिनीची ऊब मिळत नाही. बोअरचे पाणी विहिरीच्या उघड्या पाण्यापेक्षा कोमट असते, ते पहाटे ४ ते ६ दरम्यान ठिबकने सोडावे. तुषार सिंचन एकदा सुरू केले की ऊन पडेपर्यंत बंद करू नका. मध्येच वीज गेली तर ओल्या पानांवरचे पाणी उडताना ऊब ओढून घेते आणि न दिलेल्या पाण्यापेक्षा जास्त नुकसान होते. विजेची खात्री नसेल तर तुषारच्या वाटेला जाऊच नये.

शेकोटीबाबत एक गैरसमज आहे. धूर फारसा उपयोगी नसतो, काम करते ती ऊब. मोठा जाळ केला तर गरम हवा सरळ वर निघून जाते आणि बाजूची गार हवा आत ओढली जाते. त्यापेक्षा बांधाच्या कडेने आणि ओळींच्या तोंडाशी छोट्या शेकोट्या पहाटे ३ नंतर पेटवा. वारा सुटला असेल तर सरपण वाया घालवू नका.

द्राक्षात सर्वांत जास्त सावधगिरी मण्यांत पाणी उतरत असताना, म्हणजे मणी मऊ होऊ लागतात तेव्हा. या काळात रात्री कडाका आणि दुपारी ऊन असले, की मणी तडकतात, आणि पाणी एकदम जास्त दिले तर तडकणे वाढते. रोजचे पाणी थोडे-थोडे आणि नियमित ठेवा. पहाटेचे पाणीही रोजच्या हिश्श्यातूनच द्या, वेगळे नको. गुलाबी मणी (थंडीने हिरव्या मण्यांवर चढणारी गुलाबी छटा) टाळायचे असतील, तर घड कागदाने झाकण्याचे काम पाणी उतरण्याआधी आटोपलेले हवे. भुरी या बुरशीच्या रोगासाठी गंधक वापरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे: गंधकाचे काम बरेचसे वाफेवर चालते. दिवसाचे तापमान १८ अंशांच्या आसपासच रेंगाळत असेल तर फवारणीचा परिणाम कमी दिसतो. फवारा दव पूर्ण वाळल्यावर, १० नंतरच घ्या.

केळीत घड स्कर्टिंग बॅगने (घडावर चढवायच्या पातळ पिशवीने) झाका, उत्तरेच्या बाजूला वारारोधक नसेल तर निदान शेडनेट उभे करा आणि हिरवी पाने कापू नका. निसवत असलेल्या, म्हणजे घड बाहेर पडत असलेल्या बागेत थंडीने घड खोडात अडकतो, तेव्हा पाण्याचा ताण पडू देऊ नये.

हरभऱ्याला मात्र थंडीच्या भीतीने भरमसाट पाणी देऊ नका. काळ्या जमिनीत जास्त पाण्याने तो उभळतो, म्हणजे पिवळा पडून वाळतो. सरासरी तापमान १५ अंशांखाली राहिले तर फुले येऊनही घाटे कमी धरतात. थंडी ओसरली की ते सुधारते. गव्हाला हा आठवडा लाभाचाच: १८ ते २१ दिवसांचे मुकुटमुळांचे आणि ४० ते ४२ दिवसांचे कांडीचे पाणी तेवढे चुकवू नका.

भाजीपाल्याच्या रोपवाटिकेवर संध्याकाळी कमानी लावून प्लास्टिक टाका. प्लास्टिक पानांना चिकटले तर तिथेच पाने करपतात. सकाळी ९ ला काढा, नाहीतर आत दमटपणाने रोपे माना टाकतात.

गोठ्याला उत्तरेकडून गोणपाट लावा, वरची एक वीत मोकळी ठेवून. जमीन कोरडी हवी. शेळ्या-मेंढ्या दव ओसरल्यावरच सोडा. कोंबड्यांच्या पिलांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश ऊब लागते आणि पुढे दर आठवड्याला ३ अंशांनी कमी करता येते. पिले बल्बखाली दाटली तर ऊब कमी, कडेला पांगली तर जास्त. पडदे घट्ट बंद करून अमोनियाचा वास कोंडला, तर थंडीआधी श्वासाचा त्रास सुरू होतो.

आठवड्याच्या शेवटी ढग दिसले तर कांद्यावर करपा आणि फुलकिडे तपासा. करप्याचे पहिले ठिपके दिसताच १० लिटर पाण्यात २५ ग्रॅम मॅन्कोझेब चिकटद्रव्यासह फवारा. चिकटद्रव्य विसरले तर कांद्याच्या मेणचट पातीवरून औषध घसरून जाते.