संकल्पना कशी तपासावी
‘शेतकरी’ हा शब्द घ्यावा आणि खानदेशात तो कोणकोणत्या प्रसंगी, कोणत्या हेतूने वापरला जातो हे आधी टिपावे. मग तात्पुरती व्याख्या मांडावी: ज्याच्या नावे सातबारा, तो शेतकरी. आता प्रतिउदाहरणे शोधावीत. जळगावात दुकान चालवणाऱ्याच्या नावे यावलला केळीची बाग असू शकते, तर रावेरच्या बागेत जन्मभर राबलेल्या बाईचे नाव कोणत्याच उताऱ्यावर नसते. म्हणजे ही अट पुरेशीही नाही आणि आवश्यकही नाही. तत्त्वज्ञानातही ‘समर्थित सत्य विश्वास (सबळ कारणांसह बाळगलेला खरा विश्वास) म्हणजे ज्ञान’ ही व्याख्या अमेरिकी तत्त्वज्ञ एडमंड गेटियर यांनी १९६३ मध्ये अवघ्या तीन पानांत प्रतिउदाहरणांनीच अडचणीत आणली. मात्र व्याख्येला ठिगळे लावत बसणे मला व्यर्थ वाटते. त्याऐवजी तत्त्वज्ञ विट्गेन्स्टाईन यांची कुलसाम्याची, म्हणजे एकाच कुटुंबातल्या माणसांत दिसते तशा साम्याची, कल्पना आठवावी, कारण सर्व वापरांत एकही समान गुण नसला तरी ते चुलत-मावस नात्याने जोडलेले असू शकतात.