ईएससीचा पिवळा दिवा लागला? आधी चाकापाशी बघा

ईएससी म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, घसरू लागलेली गाडी सावरणारी यंत्रणा. मीटरवर तिचं, घसरत्या गाडीचं पिवळं चित्र उमटलं, की पहिला प्रश्न एकच: दिवा लुकलुकतोय की स्थिर आहे?

आंबोलीच्या ओल्या वळणावर तो क्षणभर लुकलुकून विझला, तर काहीही बिघडलेलं नाही. चाक घसरतंय हे ओळखून ईएससीने त्या चाकाला ब्रेक लावला आणि इंजिनचा जोर कमी केला. पाय सावकाश अ‍ॅक्सिलरेटरवरून उचला, बस्स. मात्र साध्या वळणांवरही तो रोज लुकलुकत असेल, तर टायर बघा. कायद्याने नक्षी १.६ मिमी उरली तरी चालते, पण कोकणातल्या पावसात ३ मिमीच्या खाली गेलेला टायर बदललेलाच बरा.

चित्राखाली ‘ऑफ’ लिहिलेलं दिसलं, तर कुणीतरी बटण दाबलंय. गाडी धुताना हे सर्रास होतं. ते बटण चाक चिखलात किंवा पुळणीत रुतल्यावर वापरायचं असतं. चाक फिरायला लागलं की ईएससी इंजिनचा जोर काढून घेते आणि गाडी जागची हलत नाही, म्हणून तेवढ्यापुरती ती बंद करायची. बाहेर आल्यावर पुन्हा चालू करा.

दिवा स्थिर राहिला, तर मात्र यंत्रणेने स्वतःला बंद करून घेतलंय. साधा ब्रेक नेहमीसारखा लागतो, त्यामुळे बेताच्या वेगाने घरी जाता येतं. सोबत एबीएसचाही (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) दिवा असेल, तर जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ शकतात. पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवा. आणि लाल ब्रेकचा दिवाही लागला, तर थांबा. हॅन्डब्रेक पूर्ण खाली आहे का, ब्रेक ऑइल डबीवरच्या दोन खुणांच्या मध्ये आहे का, हे बघा. दोन्ही ठीक असूनही लाल दिवा जात नसेल, तर ती गाडी घाटात उतरवू नका. पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेक वाटून देणारी यंत्रणाही बंद पडलेली असू शकते. मग मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी गरकन फिरते.

हा एकच दिवा इतक्या कारणांनी का लागतो? ईएससी चारही चाकांचा वेग, स्टिअरिंग किती वळलंय, गाडी प्रत्यक्षात किती वळतेय आणि ब्रेक दाबलाय का, हे सगळं सतत ताडून बघते. एकाचीही साक्ष जुळली नाही, की ती काम सोडते. कोकणात बहुतेकदा खोटी साक्ष चाकापाशीच मिळते: खारा वारा, चार महिन्यांचा पाऊस आणि जांभ्याची चिकट लाल माती. म्हणून कुणी लगेच महागडं मॉड्यूल, म्हणजे ईएससीचा मेंदू, बदलायला सांगितलं, तर आधी पुढचं करून बघा.

गाडी बंद करा, दोन मिनिटं थांबून पुन्हा चालू करा आणि सरळ रस्त्यावर थोडं चालवा. दिवा गेला आणि परत आला नाही, तर तात्पुरती गडबड होती. परत आला, तर थंड टायरची हवा दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याशी जुळवा. चारही टायर एकाच मापाचे हवेत. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला गुळगुळीत टायर, किंवा लहान मापाची स्टेपनी लावलेली असेल, तर ते चाक वेगळ्या गतीने फिरतं आणि यंत्रणेला ते घसरल्यासारखं वाटतं.

मग बॅटरी. गणपतीपासून शिमग्यापर्यंत गावच्या पडवीत उभ्या असलेल्या गाडीत पहिला संशय हिच्यावरच. मल्टिमीटरने मोजा: रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवं, १२.२ च्या खाली असेल तर बॅटरी खचलीय. स्टार्टर फिरताना ९.६ च्या खाली घसरली, तरी दिवे लागतात. बॅटरी काढून लावल्यावर दिवा राहिला, तर इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे नेऊन सरळ करा आणि थोडं सरळ चालवा. पुष्कळ गाड्यांत स्टिअरिंगचा सेन्सर यानेच आपला शून्य पुन्हा शोधतो. काहींना मात्र स्कॅनर लागतो. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं राहत असेल, तर आधी अलाइनमेंट करून घ्या.

भिंतीकडे पाठ करून गाडी लावा आणि ब्रेक दाबा. उजेड पडतो का, पाय काढल्यावर लगेच जातो का, हे आरशात दिसतं. तसं नसेल, तर पेडलवरचा स्विच बिघडलाय. स्विच स्वस्त आहे आणि त्याच्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं.

आता चाक. सपाट जागी हॅन्डब्रेक ओढा, जॅकच्या तिरक्या विरुद्ध कोपऱ्यातल्या चाकाला दगड लावा, जॅक लावून चाक काढा. गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली शिरू नका. हबजवळ, म्हणजे चाक जिथे बसतं तिथे, चाकाचा वेग मोजणारा बोटाएवढा सेन्सर असतो, बहुधा १० मिमीच्या बोल्टने बसवलेला. त्याची वायर कपलरपर्यंत, म्हणजे वायरच्या जोडापर्यंत, हाताने तपासा: घासलीय का, दातांच्या खुणा आहेत का, क्लिप तुटून टायरला लागतेय का. उंदराचं काम बहुतेकदा चाकापाशी नसतं, बॉनेटखाली असतं. कपलर उघडून पिना बघा. हिरवट-पांढरी पूड म्हणजे मीठ आणि गंज. कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा, पूर्ण वाळू द्या.

सेन्सर पकडीने पिळून काढू नका. खाऱ्या हवेत त्याच्याभोवती गंज फुगतो आणि सेन्सर तिथेच तुटतो. गंज सोडवणारं तेल टाका, रात्रभर ठेवा, मग हळूच हलवा. टोकाला चिकटलेला लोखंडी कीस मऊ कापडाने पुसा. सेन्सर चाकाबरोबर फिरणाऱ्या कडीकडे बघून वेग मोजतो. ज्या गाड्यांत बेअरिंगच्या सीलवरच ही कडी चुंबकीय असते, तिथे तारेचा ब्रश आणि चुंबक दोन्ही लांब ठेवा.

एक खूण लक्षात ठेवा: कोरड्या रस्त्यावर सावकाश थांबताना, ताशी ५ ते १० किमीला पायाखाली ब्रेक थरथरत असेल, तर बहुधा सेन्सरसमोरची कडी फुटलीय, किंवा गंजामुळे तिच्यातलं आणि सेन्सरमधलं अंतर बदललंय. अशा वेळी नुसता सेन्सर बदलून उपयोग नाही.

तरीही दिवा असेल, तर गॅरेज. पण स्कॅनर एबीएस वाचणारा हवा. मोबाइलला जोडायचे स्वस्त अडॅप्टर बरेचदा इंजिनचेच कोड दाखवतात. सी००३५ म्हणजे पुढचं डावं चाक, ००४० पुढचं उजवं, ००४५ मागचं डावं, ००५० मागचं उजवं, पण कंपन्यांचे स्वतःचे वेगळे कोडही असतात. शिवाय कोड सांगतो तो त्या चाकाचा मार्ग: सेन्सर, वायर, कडी यांपैकी काहीही असू शकतं. म्हणून मेकॅनिकला ‘लाइव्ह डेटा’ (चारही चाकांचे चालू वेग) लावून गाडी सरळ ताशी २० किमीने चालवायला सांगा. चारांपैकी एक आकडा शून्यावर राहिला किंवा उड्या मारू लागला, तर चोर सापडला.

बेअरिंग नुकतंच बदलल्यावर दिवा लागला असेल, तर ते उलटं बसवलेलं असू शकतं. चुंबकीय कडीची बाजू सेन्सरकडे यावी लागते. उलट बसवलं की सेन्सरला काहीच दिसत नाही, आणि नवं बेअरिंग पुन्हा काढताना बहुधा वायाच जातं. बसवायच्या आधी मेकॅनिकला ती बाजू दाखवायला सांगा.

फेरीबोटीतून किंवा समुद्राच्या काठाने गाडी नेली, तर त्याच संध्याकाळी नळाच्या गोड्या पाण्याने चाकांच्या आतली बाजू धुवा. हाय प्रेशरचा फवारा थेट कपलरवर मात्र मारू नका.