मृगाआधी एक एकर घरासाठी राखून ठेवा

बायांनो, मे सरत आला की घरात एकच बोलणं सुरू होतं, सोयाबीनच्या बॅगा किती आणायच्या? त्या बोलण्यात आपणही बसायचं आणि स्पष्ट सांगायचं, सगळं रान सोयाबीनला द्यायचं नाही. एक एकर, नाही जमलं तर अर्धा, घरच्या खाण्यासाठी. बांधाकडचा मुरमाड तुकडा मात्र घेऊ नका. बाईच्या वाट्याला बहुतेक तोच येतो, आणि मग "पिकलं नाही" म्हणायला सगळे मोकळे. मध्यम जमीन मागा.

लातूर-धाराशिवकडे हे नवं नाही. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साथीनं तिथल्या बायांनी एका एकरात डाळी, भाज्या, धान्य मिसळून घेतलं. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, पुढच्याच वर्षी, 2017 ला, या संस्थेच्या कामाला इक्वेटर हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दुष्काळात घराचं पोट कशावर चालतं ते त्या बायांनी करून दाखवलंय.

तुकड्याचा आधार तुरीवर ठेवा. तुरीचे दोन तास (ओळी), मध्ये मूग किंवा उडदाचे चार. मूग पोळ्याच्या सुमारास घरात येतो, रान मोकळं होतं आणि तुरीला पसरायला जागा मिळते. जमीन मध्यम आणि पाण्याची सोय नसेल तर बदनापूरची बीडीएन 711 ही तुरीची जात चांगली, 150-155 दिवसांत येते. भारी जमिनीत बीएसएमआर 736 चालेल, पण ती जास्त दिवस घेते. कडेनं ज्वारी, मध्ये मध्ये अंबाडी, हावरी (तीळ), चवळी, वाल. येळवशीच्या (वेळ अमावस्येच्या सणाच्या) भज्जीचं सामान शक्य तितकं आपल्याच रानातून यावं, एवढा हिशेब धरा.

बी घरचं असेल तर आजच तपासा. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या रांगांनी 100 दाणे मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, ओल टिकवा. आठवड्यानं मोजा. मूग, उडीद, तुरीचे 75 च्या वर उगवले तर बी पेरायला योग्य. सोयाबीनला 70 पुरेत, पण त्याचं साल पातळ, आपटलेलं बी उगवत नाही. पेरताना 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम रायझोबियम हे जिवाणू खत चोळा, सावलीत वाळवून लगेच पेरणी. इथे एक चूक फार होते: सोयाबीनचं पाकीट मूग-तुरीला चालत नाही. दुकानात पिकाचं नाव सांगूनच मागा. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू शेवटी.

घाई करू नका. मृगाच्या पहिल्या सरीवर पेरलं आणि पावसानं ओढ दिली की दुबार पेरणीचं कर्ज डोक्यावर बसतं. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावर आणि वाफसा आल्यावरच तिफण धरा. पर्जन्यमापक नसला तरी सरळ कडांचा डबा अंगणात उघड्यावर ठेवा, रोज सकाळी पट्टीनं मोजून वहीत लिहा आणि पाणी ओतून टाका. बेरीज साडेसात सेंटिमीटरच्या वर गेली की पेरणीचं बघा. मूग-उडीद मात्र जुलैच्या पहिल्या आठवड्यापुढे नेऊ नका. पेरणी उताराला आडवी, आणि तासांमध्ये थोड्या थोड्या अंतरावर मृत सरी, म्हणजे न पेरलेली मोकळी सरी, पाडा. पावसाचा खंड पडला की त्या सरीत जिरलेलं पाणीच पीक तगवतं.

आत्ता लिंबाखाली निंबोळ्या पडताहेत, त्या वेचून वाळवा. अळीच्या दिवसांत 5 किलो निंबोळीची भुकटी रात्रभर पाण्यात भिजवायची, गाळून थोडा साबण घालायचा आणि पाणी 100 लिटर करायचं. हा झाला पाच टक्के अर्क. संध्याकाळी फवारा, दुपारच्या उन्हात त्याचा जोर जातो. औषधाच्या दुकानाची एक उधारी तरी टळते.

आणि सातबारा. विमा, अनुदान, शेतकरी ओळख क्रमांक, सगळं उताऱ्यावरच्या नावावर चालतं. नवऱ्याच्या हयातीतच, त्याच्या संमतीनं बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. लक्ष्मी मुक्ती योजनेखाली 1992 पासून ही सोय आहे. तलाठ्याकडे चौकशी करा, अर्ज तहसीलला द्या, आणि पोच घेतल्याशिवाय माघारी येऊ नका. पेरणी सुरू झाली की तहसीलला जायला कुणालाच वेळ नसतो, म्हणून याच आठवड्यात जाऊन या.