चाकातून घूंऽऽ आवाज येतोय? आधी बाजू ओळखा

४०-५० च्या वेगाला सुरू होणारी आणि वेगासोबत चढत जाणारी घरघर बहुतेकदा टायरवर ढकलली जाते, पण दोष चाकाच्या बेअरिंगचाही (चाक ज्यावर फिरतं तो गोळ्यांचा भाग) असू शकतो. मोकळ्या रस्त्यावर गाडी हळूच उजवीकडे वळवा. आवाज वाढला तर संशय डाव्या बेअरिंगवर, कारण वळताना भार बाहेरच्या चाकावर जातो. डावीकडे वळताना वाढला तर उजव्यावर.

मग सपाट जागी, दुसऱ्या चाकांना दगड लावून, जॅक आणि स्टँडवर चाक उचला. एक हात चाकामागच्या सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवून चाक फिरवा: खराब बेअरिंगची खरखर बोटांना थेट कळते. चाक वर-खाली धरून हलवा. खटखट झाली तर गाडी लांब नेऊ नका. मात्र बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा गोल सांधा) सैल असला तरी चाक असंच हलतं, तोही बघून घ्या.

नवं बेअरिंग हातोडीने ठोकून बसवू देऊ नका, हे मी कळकळीने सांगतो. ठोक्याने आतल्या गोळ्यांच्या वाटेवर खड्डे पडतात आणि महिन्याभरात तोच आवाज परत येतो. प्रेसवरच (दाब देऊन बसवणारं यंत्र) बसवून घ्या. हब नट (चाकाच्या मधोमध असलेला मोठा नट) नवा घ्या, टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) आवळायला सांगा. एबीएस (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल आणि बेअरिंगला चुंबकी बाजू असेल तर ती चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरकडेच हवी.